बावनथडीपलीकडची बाकी

(तुमसर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



३१ ऑक्टोबर १९५६च्या रात्रीपर्यंत तुमसर आणि बालाघाट एकाच राज्यात होते. राज्याचे नाव मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. दुसऱ्या दिवशी राज्य पुनर्रचना अमलात आली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बावनथडीच्या अल्याड एक सरकार, पल्याड दुसरे सरकार झाले. सोयरिकींची पुनर्रचना मात्र कोणी केली नाही. पोवारांची लग्ने आजही वारासिवनी, कटंगीकडे जुळतात. तिरोडीची गाडी तुमसर रोडवरूनच जाते. साकोलीवरून जाणारा महामार्ग राजनांदगाव, दुर्ग, रायपूरला नेतो आणि त्या रस्त्याने आपली पोरे कामाला जातात, तिकडची इकडे येतात. माणसे जातात तिथे पैसाही जातो. बँकेचा नव्हे, सावकाराचाही नव्हे, हातउसना. आज त्याच पैशाबद्दल बोलायचे आहे: जो विश्वासाने दिला, नदीपलीकडे गेला आणि परत आला नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवता ते शिक्षक होते, आणि लोक त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येत, असे इथली जुनी मंडळी सांगतात. म्हणून साहित्य-संस्कृती सोडून इतका रुक्ष विषय घेतला तरी त्यांची हरकत नसती असे मी धरून चालतो.

वकिलीत असे धनको नेहमी भेटतात. खुर्चीवर बसता बसता पहिले वाक्य येते, "पण तो त परराज्यात राहते जी." म्हणजे प्रकरण अर्धे बुडालेच, अशा सुरात. माझे म्हणणे असे की राज्याच्या सीमेने बुडालेला पैसा मी फार थोडा पाहिला. पैसा बुडतो तो भिडेपायी. लिहून कसे मागायचे, पाहुण्याला नोटीस कशी धाडायची, बहिणीच्या सासरी काय वाटेल, या विचारात मुदत निघून जाते आणि मग दोष नदीला दिला जातो.

आपल्याकडे येणे वसूल करण्याची जुनी पद्धत संकोचाची अजिबात नव्हती. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचे वर्णन आहे. साध्या मागणीपासून सुरुवात होई. मग ऋणकोच्या दारात माणूस बसे, त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, आणि पुढे त्याला बांधून ठेवण्यापर्यंत मजल जाई. धनको स्वतः उपाशी बसला तर ऋणकोलाही उपाशी बसावे लागे, कारण दारात माणूस अन्नावाचून बसलेला असताना घास गिळणे हे पाप. ही पद्धत एवढी रुजलेली होती की १८६०च्या दंडसंहितेत देवाच्या कोपाचा धाक घालण्याचा गुन्हा लिहिताना उदाहरण म्हणून 'धरणे' हाच शब्द घातला गेला. दारात धरणे धरायला दार जवळ लागते, आणि बाजूने बोलायला गाव लागते. ऋणको सुरतेच्या कारखान्यात किंवा भिलाईच्या वसाहतीत असेल तर तिथल्या शेजाऱ्याला तुमची ओळखही नसते.

म्हणून आजचा तगादा दोन ठिकाणी जातो. एक, मोबाइलवर. दुसरा, पोलीस ठाण्यात. ठाण्याचे काय होते ते सांगतो, कारण यात लोकांचे महिनेच्या महिने जातात. पैसे घेऊन परत न देणे एवढ्याने फसवणुकीचा गुन्हा होत नाही. घेतानाच बुडवायचा इरादा होता, खोटे सांगून घेतले, असे दाखवता आले तरच तो फौजदारी विषय. नाहीतर ठाणेदार तक्रार वाचतो, 'दिवाणी स्वरूपाचा वाद' असा शेरा मारतो आणि तुम्हाला कोर्टाचा रस्ता दाखवतो. लोकांना वाटते त्याने टाळले. बहुतेक वेळा त्याने कायदाच सांगितलेला असतो. पोलीस हे वसुलीचे खाते नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा बजावले आहे.

आता सीमेकडे. एक काळ असा होता की सीमेचा धाक खरा होता. आपल्या जुन्या भंडारा जिल्ह्याला, म्हणजे गोंदिया धरून, पूर्वेला नांदगाव आणि खैरागड ही संस्थाने लागून होती. कर्जदार संस्थानात गेला की ब्रिटिश मुलखातल्या कोर्टाचा हुकूमनामा तिथे आपोआप चालत नसे. ती संस्थाने १ जानेवारी १९४८ला विलीन झाली आणि दोन वर्षांनी राज्यघटना आली. तिच्या २६१व्या अनुच्छेदात एक छोटे कलम आहे, त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही: भारतातल्या कुठल्याही भागातल्या दिवाणी न्यायालयाचा अंतिम निर्णय भारतात कुठेही अमलात आणता येईल. भंडाऱ्याचा हुकूमनामा दुर्गमध्ये चालतो, मदुराईत चालतो. दावाही तिकडे जाऊनच लावला पाहिजे असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे प्रतिवादी राहतो तिथे दावा लावता येतो, तसाच दाव्याचे कारण पूर्णतः किंवा अंशतः जिथे घडले तिथेही लावता येतो. पैसे तुम्ही तुमसरच्या घरात मोजून दिले असतील, किंवा इथल्या खात्यातून पाठवले असतील, तर कारणाचा एक तुकडा इथे घडला. समन्स त्याच्या गावच्या कोर्टामार्फत किंवा टपालाने जाईल. तारखांना यायचे त्याला आहे. रायपूरहून भंडाऱ्याला चकरा मारायच्या कल्पनेनेच काही लोक नोटिशीवर पैसे टाकून मोकळे होतात.

चेकचे प्रकरण मात्र जरा वेगळे, आणि त्यात आपल्या भंडाऱ्याचे नाव देशभरच्या वकिलांच्या तोंडी आले, म्हणून ते सविस्तर सांगतो.

चेक न वटणे हा १ एप्रिल १९८९ पासून गुन्हा आहे. पण फिर्याद कुठल्या गावात लावायची हे कायद्याने नीट सांगितले नव्हते. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की चेक लिहिला, वटवायला टाकला, परत आला, नोटीस दिली, पैसे दिले नाहीत, या पाचांपैकी काहीही जिथे घडले तिथे फिर्याद चालेल. ही मुभा काहींनी अशी वापरली की ऋणको एका टोकाला, व्यवहार दुसऱ्या टोकाला, आणि नोटीस भलत्याच शहरातून पाठवून फिर्यादही तिथेच. त्यावर १ ऑगस्ट २०१४ला 'दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा तीन न्यायाधीशांचा निकाल आला. त्यातल्या मुख्य अपिलातला चेक भंडाऱ्यातल्या बँक शाखेवर काढलेला होता आणि फिर्याद लावली होती यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला. खालच्या कोर्टाने आरोपीला दोषी ठरवले, दारव्ह्याच्या सत्र न्यायालयाने दिग्रसला अधिकारच नव्हता म्हणून ते उलटवले, नागपूर खंडपीठानेही तेच म्हटले आणि दिल्लीने त्यावर शिक्कामोर्तब केले: चेक जिथे परत आला, म्हणजे ऋणकोची बँक जिथे, तिथेच फिर्याद.

परिणाम काय झाला? देशभरच्या कोर्टांतून ज्या फिर्यादींत साक्षीपुरावा सुरू झालेला नव्हता त्या परत करण्यात आल्या आणि तीस दिवसांत योग्य गावी लावा असे सांगण्यात आले. इथल्या धनकोला ऋणकोच्या मागे इंदूर, सुरत, हैदराबाद करावे लागणार होते. ओरड झाली, जून २०१५मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला. आता तुम्ही चेक तुमच्या खात्यात टाकला, तर तुमचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात फिर्याद. साकोलीत खाते असेल तर साकोली. परराज्यातल्या ऋणकोच्या बाबतीत धनकोला याहून सोयीचे काही झालेले मला आठवत नाही, आणि तरीही लोक चेक घेतात, कपाटात ठेवतात, तीन महिन्यांची त्याची मुदत संपली की माझ्याकडे आणतात. चेक परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर त्याला पंधरा दिवस, ते संपल्यावर महिन्याच्या आत फिर्याद. यातली पहिली मुदत चुकली आणि चेकची मुदतही संपलेली असली की तो चेक पुराव्याचा एक कागद उरतो, फौजदारी हत्यार राहत नाही. शिवाय आरोपी दुसऱ्या राज्यात असला की वॉरंट तिथल्या पोलिसांमार्फत जाते, आणि त्यांच्या टेबलावर तुमचे वॉरंट सर्वात वर नसते. वेळ लागतो. तो लागणारच.

मुदतीचे मी मघापासून म्हणतो आहे. १९६३च्या मुदतीच्या कायद्याने उसन्या पैशाला तीन वर्षे दिली आहेत. कुठून मोजायची? इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. 'मागाल तेव्हा देईन' असे ठरले असेल तर लोक समजतात की आपण मागितले तिथून तीन वर्षे. तसे नाही, पैसे दिले त्या दिवसापासून. वचनचिठ्ठी असेल तर तिच्या तारखेपासून. परतीची तारीख ठरलेली असेल तरच त्या तारखेपासून. तुम्ही चौथ्या वर्षी पहिल्यांदा तोंड उघडले, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही आधीच उशिरा आला आहात. आणि समोरच्याला हे माहीत असते. दरवर्षी 'या दिवाळीला नक्की' म्हणणारे जितके भोळे दिसतात तितके सगळेच नसतात.

पण त्या तीन वर्षांच्या आत त्याने सही करून लेखी कबुली दिली, तर कबुलीच्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. कायद्याचे हे कलम १८. नावे-गावे बदलून एक प्रकरण सांगतो. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आले. जुन्या सहकाऱ्याला, जो पुढे दुर्गला मुलाकडे राहायला गेला, त्यांनी दीड लाख दिले होते. बियाण्याच्या पिशवीतून त्यांनी वहीचे फाडलेले पान काढले. "मी खाली सही करणार, आज रोजी तुमचेकडून हातउसने रुपये १,५०,००० घेतले, मुलीचे लग्न उरकल्यावर देईन." खाली सही. दिनांकाच्या जागी 'पाडवा' एवढेच; साल नाही. महसुली तिकीट नाही, साक्षीदार नाही. मी विचारले, "दुसरं काही हाय का?" ते म्हणाले, "दुसरं काई नाही जी. पत्रिका तेवढी हाय लग्नाची." ती कशाला आणली म्हणून विचारले तर म्हणाले, "मागं त्यानं लिवलं हाय म्हणून."

पत्रिका उलटून पाहिली. मागे निळ्या शाईत चार ओळी: काका, जरूर या, तुमच्या पैशाचे ध्यानात आहे, धान निघाल्यावर पाठवतो. खाली पूर्ण सही. रक्कम लिहिलेली नव्हती, पण कबुलीत रक्कम नेमकी असलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. तारीख नव्हती, पण तारीख नसलेल्या कबुलीबाबत ती केव्हा दिली याचा तोंडी पुरावा देता येतो, आणि इथे तर लग्नाचा मुहूर्त पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत छापलेला होता. पैशांतला अर्धा भाग बँकेतून गेला होता, त्याची नोंद पासबुकात होती. त्यावरून पाडव्याचे सालही ठरले. काकांनी ती पत्रिका केवळ 'आठवण म्हणून' ठेवली होती. दावा त्या चार ओळींवर उभा राहिला.

मोबाइलवरच्या 'देतो ना काका' या संदेशाला अशीच किंमत आहे का, असे तरुण मंडळी विचारतात. पुरावा म्हणून तो दाखल करता येतो, त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. पण मुदत वाढायला सही लागते आणि तो संदेश सही धरायचा का यावर दोन वकील दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकतात. तो तास विकत घेण्यापेक्षा वर्षातून एकदा कागदावर बाकी मान्य करून घ्यावी. वचनचिठ्ठी करायची तर महसुली तिकीट लावून, तिकिटावरून सही आडवी गेली पाहिजे. तिकीट नसलेली वचनचिठ्ठी नंतर दंड भरूनही सुधारता येत नाही. ती पुराव्यात वाचलीच जात नाही. एका रुपयाच्या तिकिटावाचून लाखाचा कागद रद्दी होतो. रोखीचे म्हणाल तर आयकर कायदा वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेऊ नका म्हणतो, आणि दंड घेणाऱ्यावर ठेवतो. म्हणून रोखीने दिलेले बुडाले असे समजू नका. सप्टेंबर २०२५मध्ये गोव्यातून गेलेल्या एका चेकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या नियमाचा भंग झाला तरी कर्ज बेकायदा ठरत नाही. मात्र व्याजाने पैसे फिरवण्याचा धंदा असेल आणि परवाना नसेल, तर २०१४च्या सावकारी कायद्याखाली तुमच्या बाजूने हुकूमनामा होणार नाही, उलट तुम्हीच अडचणीत याल. असा धंदा करणाऱ्यांसाठी हे व्याख्यान नाही.

समजा दावा जिंकला. खरा प्रवास इथून. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने म्हटले होते की भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, आणि मला त्यात बदल करावासा वाटत नाही. २०२५च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयापुढे आकडा आला तेव्हा देशातल्या जिल्हा न्यायालयांत ८ लाख ८२ हजारांवर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या दरखास्ती पडून होत्या. त्यांतल्या तीन लाखांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातल्या. हे सगळे जिंकलेले लोक आहेत.

परराज्यातल्या ऋणकोविरुद्ध इथले कोर्ट स्वतः जप्ती करू शकत नाही; आपल्या हद्दीबाहेरच्या माणसावर आणि मालमत्तेवर त्याचा हात पोचत नाही, हे २००२च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिले. मग हुकूमनामा तिकडच्या कोर्टात पाठवायचा. लोक घाबरतात ते या टप्प्याला, आणि विनाकारण. संहितेतला नियम सांगतो की दुसरे कोर्ट त्याच राज्यात असो वा नसो, हुकूमनामा थेट त्याला पाठवावा. सोबत हुकूमनाम्याची प्रत आणि अजून किती वसूल व्हायचे आहे त्याचा दाखला. मंत्रालय नाही, दोन सरकारांचा पत्रव्यवहार नाही. तिकडे एक वकील लावावा लागतो, त्याची फी लागते, एवढेच. आणि हुकूमनामा बारा वर्षे जिवंत राहतो. आज ज्याच्याकडे काही नाही त्याच्या नावावर सहा वर्षांनी शेत चढू शकते.

त्याच्याकडे काय आहे हे आधी बघा, मग खर्च करा, असे मी सगळ्यांना सांगतो. संहितेच्या कलम ६० मध्ये जप्त न होणाऱ्या वस्तूंची यादी आहे आणि ती वाचताना माणसाचे घर डोळ्यांसमोर येते: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीने बाई अंगावरून उतरवू शकत नाही असा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे. मजुराची मजुरी जप्त होत नाही, सरकारी पेन्शनही नाही. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकी जप्त होते. सूट असलेले भत्ते वगळून पगार ३१ हजार असेल तर महिना दहा हजार. तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण चोवीस महिनेच, पुढे कायमची मोकळीक. ऋणको सरकारी किंवा रेल्वेचा नोकर असेल तर पगाराची जप्ती इथल्याच कोर्टातून होऊ शकते, हा अपवाद लक्षात ठेवण्यासारखा.

"त्याले जेलात टाका," असा आग्रह धरणारेही असतात. दिवाणी कैद अजून कायद्यात आहे, पाच हजारांवरच्या रकमेला जास्तीत जास्त तीन महिने. बाईला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटकच नाही. पण न्या. कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८०च्या निकालात सांगितले की गरिबीमुळे न देणाऱ्याला कोंडता येत नाही. असून न देणारा, बदमाषी करणारा असला पाहिजे. आणि एक तरतूद ऐकली की आग्रह करणारा गप्प होतो: त्या कैद्याच्या जेवणाचा भत्ता दर महिन्याला आगाऊ धनकोने भरायचा असतो.

दुर्गच्या प्रकरणातल्या काकांचे काय झाले ते राहिले. हुकूमनामा तिकडे गेला, कोर्टाची नोटीस मुलाच्या घरी पोचली आणि त्या घरात पहिल्यांदा या पैशाबद्दल बोलणे झाले. मुलाला माहीतच नव्हते. त्याने हप्ते बांधले, काकांनी व्याज सोडले. दोन्ही म्हातारे पुन्हा फोनवर बोलतात की नाही हे मी विचारलेले नाही.

दाव्याआधीच तडजोड होण्यासारखी असेल तर लोकअदालत आहे. तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही, आणि चालू दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. दावापूर्व प्रकरणही ठेवता येते. अट एवढीच की समोरचा आला पाहिजे. मंडईच्या जत्रेला, लग्नाला तो इकडे येणार असेल तर तारीख तशी बघा.

आणि तुमच्यापैकी ज्यांची तीन वर्षे केव्हाच उलटून गेली आहेत, त्यांच्यासाठी एकच वाट उरते. कबुलीने आता भागत नाही, कारण कबुली मुदतीच्या आत हवी. मात्र करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे नवे वचन कर्जदाराने लेखी, सहीनिशी दिले तर ते चालते आणि तिथून नव्याने मुदत धरता येते. त्या कागदावर नुसते 'बाकी आहे' लिहून घेऊ नका. जुनी रक्कम, ती कधी घेतली, आणि 'ती मी फेडीन' हे शब्द त्याच्या हातचे असू द्या; खाली पूर्ण सही आणि सालासकट तारीख.